जांभूळबियांची सहावी वही

मी, इंदुमती विठ्ठलराव कोपर्डे, वय वर्षे सत्तर, अविवाहित, पूर्वी धारवाडातील एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक, आता निवृत्त, राहणार रायापूर, हुबळी-धारवाड रस्ता, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात दुसरे कोणी नाही. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

रजिस्ट्रार कचेरीसाठी वकील श्री. प्रभंजन कट्टी याची कन्नड प्रत करून देणार आहेत. प्रभंजनचे वडील माझ्याच कॉलेजात भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये होते, म्हणून तो मला मावशी म्हणतो. तो म्हणाला, सरळ कन्नडमध्येच लिहा, तुमची कन्नड माझ्यापेक्षा चांगली आहे. खरे आहे. नोकरी, बाजार, बस, सगळे आयुष्य मी कन्नडमध्ये केले. पण या कागदात ज्यांच्याविषयी आहे, त्यांच्याशी मी मराठीत बोलत असे. अर्थाबद्दल वाद पडल्यास मराठी प्रत खरी धरावी.

कलम एक. माझे अंत्यसंस्कार धारवाडातच करावेत. तासगावकडे आमचे आता कोणी नाही. पणजोबांनी तेथून शिवणाची कात्री घेऊन हुबळी गाठली, त्यानंतर परत कोणी गेले नाही. दिवस घालू नयेत. तेरा दिवस माझ्यासाठी कोणी कामधंदा सोडून बसावे, असे माझ्या हातून काही झालेले नाही. त्याचे कारण कलम सहामध्ये येईल.

कलम दोन. रायापूरचे माझे दोन खोल्यांचे घर, पुढचा ओटा व वरची गच्ची यांसह, मी माझी भाची कु. वेदश्री गोपाळ कोपर्डे, सध्या राहणार बेंगळूर, हिला देत आहे. भावाची मुलगी म्हणजे भाची नव्हे भाचरू, असे आमची आई म्हणे. कचेरीसाठी 'भावाची मुलगी' असे लिहावे. घर मी १९८९ साली घेतले. गच्ची दक्षिणेकडून उघडी आहे व दिवसभर ऊन असते, याच एका कारणासाठी घेतले; बियांचा विचार तेव्हाच मनात होता. बिया सावलीत वाळवाव्यात असे पुस्तकात असते. मी आधी उन्हात, मग सावलीत वाळवत असे. वेदश्रीला घर नको असेल तर तिने ते विकावे व मनाला लावून घेऊ नये. कलम सहा वाचल्यावर तिला ते नको वाटले, तरी मी समजेन, असे लिहिणार होते. पण तेव्हा मी नसेन.

कलम तीन. बँकेत जे असेल त्यातून दहनाचा खर्च व प्रभंजनची फी वजा करून उरेल ते वेदश्रीचे. आईच्या दोन पाटल्याही वेदश्रीच्या.

कलम चार. अवजारे. पितळी तराजू व वजनांची पेटी मी शांता यांना देत आहे. शांता कलघटगीकडून बसने येऊन रायापूरच्या रस्त्यावर फळे विकतात. मृगाच्या आगेमागे जांभळे, त्याआधी आंबे, थंडीत सीताफळे. त्यांचा तराजू एका बाजूला झुकतो व तो नेहमी त्यांच्याच बाजूला झुकतो. हे मी त्यांना पंधरा वर्षे सांगत आले, त्या पंधरा वर्षे हसत आल्या. आता खरा तराजू आला की बघू. पण ही गंमत सोडली तर शांतांचे माझ्यावर उपकार आहेत. गिऱ्हाईक जांभळे तिथेच उभ्याने खाई, तर त्या ॲल्युमिनियमचे भांडे पुढे करीत व म्हणत, बी यातच टाका, अक्कारे घेऊन जातात. लोकांच्या तोंडातून पडलेल्या बिया मी घरी आणून चार पाण्यांत धूत असे. रायापुरात मला 'बीजद अक्का', म्हणजे बियांची अक्का, म्हणत. वेडी म्हणायचे ते सभ्यपणे म्हणत.

लोखंडी खलबत्ता, तीन चाळण्या व वस्त्रगाळ करण्याची मलमलची फडकी डॉ. श्रीहर्ष यांना द्यावीत. ते कोण, ते पुढे येते.

कलम पाच. बरण्या. मागच्या खोलीत फळीवर त्रेचाळीस काचेच्या बरण्या आहेत. जांभूळ, आंब्याच्या कोयीचा गर, पपई, चिकू, चिंचोके, फणसाच्या आठळ्या, कलिंगड. प्रत्येकीवर वर्ष, महिना व फळ कुठून आले ते लिहिले आहे. लाल चिठ्ठीच्या तीन बरण्या सीताफळाच्या बियांच्या आहेत. त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो. त्या बरण्या उघडताना तोंड दुसरीकडे करावे. जी बी उवा मारते, ती माणसालाही सोडत नाही. हे मी पहिल्यापासून जाणत होते व जांभळाच्या बाबतीत विसरले.

ही आवड मला लॅबमध्ये लागली. १९७८च्या उन्हाळ्यात आमच्या विभागप्रमुखांनी कोयींच्या गराचे काम काढले. धारवाडच्या आंब्याच्या कोया पोत्यांनी उकिरड्यावर पडत. त्या निवडणे, फोडणे, वाळवणे, कुटणे, अर्क काढणे, आकडे लिहिणे हे मी केले. दोन वर्षांनी त्यांनी म्हैसूरच्या परिषदेत निबंध वाचला. त्यात मदतीबद्दल विभागाच्या शिपायाचेही आभार होते, माझे नव्हते. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, बाई, तुम्ही तर आपल्याच आहात. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. त्यांच्यासाठी मी काही ठेवत नाही, त्यांनी त्यांचे तेव्हाच नेले.

पण एक गोष्ट मनात राहिली. माणूस फळ खातो व त्यातले जे झाडाने सर्वांत जपून कठीण कवचात ठेवलेले असते, ते थुंकून टाकतो. त्यात काही असणारच, असे मला वाटे. १९९३ साली मी निवृत्त झाले. निरोपाला शाल मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी तयार होऊन बसले आणि मग लक्षात आले की कुठे जायचे नाही. त्या आठवड्यात मी पहिली बरणी भरली.

या सर्व बरण्या डॉ. श्रीहर्ष यांना द्याव्यात. ते धारवाडात औषधनिर्माणशास्त्र शिकवतात. २००३ साली कोणाकडून तरी ऐकून ते माझ्या दारात आले व त्यानंतर महिन्यातून एकदा येतात. अट एकच, की माझ्या बरणीतील चिमूटभर पूडही, माझ्या नावावर भरवसा ठेवून, कोणा माणसाला देऊ नये.

कलम सहा. वह्या. बियांच्या सगळ्या नोंदी मी वह्यांत करत आले. हे कलम लांब आहे. प्रभंजन म्हणतो, मृत्युपत्रात एवढे लागत नाही. मला लागते.

माझा धाकटा भाऊ गोपाळ याचे हुबळीच्या दाजीबानपेठेत कापडाचे दुकान होते. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, त्यामुळे मला अक्का म्हणत असला तरी हट्ट आईकडे करावा तसा करी. त्याला मधुमेह होता. पाच वर्षे गोळ्या झाल्या, मग १९९६मध्ये डॉक्टरांनी इन्शुलिनची इंजेक्शने सुरू केली. त्या जुलैपासून मी त्याला जांभळाच्या बियांची पूड देऊ लागले, सकाळी एक चमचा पाण्यातून. मी तेव्हा स्पष्ट सांगितले होते की हे इंजेक्शनच्या जोडीला आहे, ऐवजी नाही. ते मी पाचव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवले. दर महिन्याला तो दुकानाजवळच्या लॅबमध्ये रक्त तपासून चिठ्ठी माझ्याकडे पाठवी. मी एका रकान्यात साखर, एकात पुडीचे प्रमाण आणि एकात 'इतर औषध' लिहीत असे.

साखर उतरली. दोनशे दहाची एकशे चौसष्ट, मग दीडशे. त्याच काळात त्याने गोड सोडले होते व पहाटे उणकल तलावापर्यंत चालायला लागला होता, पण हे मी फक्त समासात बारीक अक्षरात लिहिले. गोपाळने दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितले की आमच्या अक्काने औषध काढले आहे. लुगडे घ्यायला आलेल्या बायका बस पकडून रायापूरला येऊ लागल्या. मी कोणाकडून काही घेत नसे. कागदाच्या पुड्या बांधून देई, चहा करी. आठ वर्षे त्या घरात राहत होते, तोवर माझ्या दाराची कडी दूधवाल्याशिवाय कोणी वाजवली नव्हती. त्या वर्षी मी सहा कपबशा नवीन घेतल्या. पुढचे समजायला हे लक्षात ठेवावे लागेल.

१ नोव्हेंबर १९९७ला भाऊबीज होती. मी हुबळीला गेले. गोपाळची बायको शकुंतला ताटे वाढत होती, तिने मला फ्रिजमधून श्रीखंड काढायला सांगितले. मागे स्टीलचा झाकणाचा डबा होता. तोच श्रीखंडाचा समजून मी उघडला. आत इन्शुलिनच्या चार बाटल्या होत्या. चारही बंद, वरचे सील तसेच, दुकानदाराची सर्वांत जुनी चिठ्ठी ऑगस्टची. शकुंतलेला सुई बघवत नसे, म्हणून गोपाळ रोज आतल्या खोलीत दार लावून स्वतःच टोचून घेई. म्हणजे टोचून घेतो असे ती समजत होती.

जेवण झाल्यावर मी त्याला गॅलरीत बाजूला घेतले व विचारले. त्याने लपवले नाही. म्हणाला, "साकु, पुरे झाली ती सुई, अक्का. तुझी बी आहे ना. तू असताना मला काय होतंय?"

मी त्याला रागवायला हवे होते. शकुंतलेला हाक मारायला हवी होती. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवे होते. त्यातले मी काही केले नाही. मी म्हणाले, बरं, चिठ्ठ्या मात्र वेळेवर पाठव.

घरी येऊन मी पाचव्या वहीत 'इतर औषध' या रकान्यात 'पूर्ववत' असे लिहिले, कारण ती वही लोक उघडून बघत. आणि एक नवी वही काढून तिच्यात खरे लिहिले. 'इन्शुलिन बंद, ऑगस्टपासून.' ती सहावी वही. लॅबमध्ये छत्तीस वर्षे काम केलेल्या बाईला काय वाटले ते सांगते. मला वाटले, आता कळेल. दुसरे काही औषध नसताना नुसती बी काय करते, हे आता स्वच्छ दिसेल. माझा भाऊ समोर जेवून सुपारी कातरत होता आणि मी मनात रकाने आखत होते. आणि त्याच्याही खाली दुसरी भीती होती. बी पुरत नाही असे ठरले, तर दाराची कडी पुन्हा वाजणार नाही.

नोव्हेंबरात एकशे नव्वद. डिसेंबरात दोनशे छत्तीस. मी त्याला फोनवर सांगितले, एक चमच्याचे दोन चमचे कर. जानेवारीत दोनशे नव्वद. संक्रांतीला त्याने नवीन चपला घेतल्या, त्या डाव्या पायाच्या करंगळीला चावल्या. जखम भरली नाही. काळी पडली. दवाखान्यात नेले तेव्हा साखर पाचशेच्या वर होती व विष रक्तात गेले होते. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सकाळी गोपाळ गेला. शुद्धीवर होता तोवर त्याने कोणाला काही सांगितले नाही. मला वाचवण्यासाठी गप्प राहिला की त्याच्या लक्षातच आले नाही, हे मला माहीत नाही.

घर आवरताना शकुंतलेला तो डबा सापडला. तोवर बाटल्या सात झाल्या होत्या. नातेवाईक तिच्या समोरच बोलले, की नवरा सुई घेतो की नाही हे बायकोला सहा महिने कळू नये? तेराव्या दिवशी माणसे पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. तिने विचारले, "वन्सं, तुम्हाला काही बोलले होते का ते? सुई सोडल्याचं?"

मी म्हणाले, "नाही."

एवढा एकच शब्द. त्यानंतर मी हुबळीला जाणे कमी केले, मग बंद केले. शकुंतलेने सुरुवातीला फोन केले, दिवाळीला वेदश्रीबरोबर चकल्या पाठवल्या. मी निरोप पाठवला की तब्येत बरी नाही. लोकांना वाटले, भावाच्या दुःखाने मी खचले आहे व शकुंतलेवर माझा राग आहे. दोन्ही गोष्टी मी तशाच वाटू दिल्या. नवरा आपल्या डोळ्यांदेखत सुई टाळत होता व आपल्याला दिसले नाही, हे ओझे ती आठ वर्षे वाहत आहे. ते तिचे नाही. दिसले मला होते.

पुडीसाठी लोक आणखी काही महिने आले. मी सांगितले, बिया संपल्या. मग ते यायचे थांबले. बिया मात्र मी गोळा करत राहिले. त्या कोणाला द्यायच्या नाहीत, तरी त्यात खरे किती होते ते कळल्याशिवाय मला थांबता येईना.

डॉ. श्रीहर्ष यांनी माझ्या जांभूळबियांवर दोन वर्षे काम केले. ते एकदा म्हणाले, "बाई, बी खोटी नाही. पण ती एकटी पुरेल, असं मी लिहून देऊ शकत नाही." मी त्यांना पाच वह्या दिल्या होत्या. या मार्चमध्ये ते पाचवी वही घेऊन आले व ओट्यावर बसून त्यांनी शेवटचे पान उघडले. त्यांना उलगडा होत नव्हता. बी तीच, इन्शुलिन पूर्ववत, मग साखर एकाएकी चढत का गेली? "या तीन महिन्यांत काय बदललं, बाई?" त्यांनी विचारले. मी आत चहा टाकायला गेले आणि स्टोव्ह न पेटवता उभी राहिले. माझ्या खोटेपणाने माणसांचे नुकसान केले होतेच. बियांचेही केले होते. मी खोटे लिहिल्यामुळे त्यांच्या कागदावर बी आहे त्याहून निकामी दिसत होती.

त्या दिवशी मी त्यांना उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी प्रभंजनकडे गेले व मृत्युपत्र करायचे आहे असे सांगितले.

म्हणून या कलमाने मी असे ठरवते की सहाही वह्या डॉ. श्रीहर्ष यांना द्याव्यात व एकत्रच द्याव्यात. सहावी वही कपाटात आईच्या इरकलीखाली आहे. पाचव्या वहीतील 'पूर्ववत' हा शब्द ऑगस्ट १९९७पासून खोटा आहे. गोपाळने इंजेक्शन बंद केल्याचे मला १ नोव्हेंबरपासून माहीत होते. शकुंतलेला ते माहीत नव्हते व तिचा कोणताही दोष नाही. हे मी शपथेवर लिहिते.

कलम सात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. प्रभंजन कट्टी यांनी करावी.

पुरवणी, सही करण्याच्या दिवशी लिहिलेली. वरील मजकूर मी मे महिन्यात पुरा केला. प्रभंजनने तो वाचला व चष्मा पुसला. मग म्हणाला, "मावशी, हे तुम्ही गेल्यावर वाचलं, तर शकुंतलाकाकूंनी विचारायचं कोणाला?" मला राग आला. मी म्हणाले, वकिलाने वकिलाचे काम करावे. घरी येऊन चार दिवस कागद कपाटात ठेवला.

आज शनिवार. सकाळच्या बसने मी हुबळीला गेले. प्रभंजन बरोबर होता. आठ वर्षांनी तो जिना चढले. शकुंतलेचे केस सगळे पांढरे झाले आहेत. तिने मला बसायला खुर्ची दिली व पाणी आणले. मी बोलायचे ठरवले होते, पण शब्द येईनात, म्हणून कागद काढून कलम सहा मोठ्याने वाचले. वाचताना वर पाहिले नाही. खाली रस्त्यावर कापडाचे गठ्ठे उतरत होते, त्यांचा आवाज येत होता. तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि स्वतः पुन्हा पहिल्यापासून वाचला, ओळीवर बोट ठेवून.

त्या कागदात तेव्हा आईच्या पाटल्या तिच्या नावे लिहिल्या होत्या. तिथे बोट थांबले. तिने ते खोडायला सांगितले. मग प्रभंजनला विचारले, साक्षीदार कोण आहेत? त्याने सांगितले, एक मी, दुसरा कचेरीत कोणी मिळेल. ज्याला काही मिळायचे असते त्याने साक्ष घालू नये, एवढाच नियम. तेव्हा ती म्हणाली, "मग मी घालते. मला काही मिळायचं नाहीये. हे यांनी जिवंतपणी माझ्यासमोर वाचलं, एवढं माझ्या सहीने राहू दे."

म्हणून पाटल्यांची ओळ खोडून त्या वेदश्रीच्या नावे घातल्या आहेत व कलम तीन दुरुस्त करून पुन्हा लिहिले आहे. सहीसाठी ती आमच्याबरोबर धारवाडला यायला निघाली. बसमध्ये ती पुढच्या बायकांच्या सीटवर बसली, मी मागे. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावे लागले असते.

कचेरीच्या ओट्यावर नंबर यायची वाट बघताना ती एकदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडे येईन असं मी म्हणत नाही. मला जमणार नाही. पण आजारी पडलात तर फोन करा. एकट्या पडून राहू नका."

मी बरे म्हणाले.

हा कागद मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करून पुरा केला.

ठिकाण: धारवाड
दिनांक: १७ जून २००६

लिहून देणार: इंदुमती विठ्ठलराव कोपर्डे (सही)

साक्षीदार
१. प्रभंजन कट्टी, वकील, धारवाड (सही)
२. शकुंतला गोपाळ कोपर्डे, दाजीबानपेठ, हुबळी (सही)